तारीख ही आकड्यांची नव्हे, भाषेची बाब आहे

"साहित्याच्या अभ्यासकाने तारखांच्या मांडणीत डोके घालू नये, ते काम यंत्राचे आहे," असे अलीकडे एका चर्चेत आम्हांला ऐकवण्यात आले. ऐकवणारे गृहस्थ मराठीचेच प्राध्यापक होते, म्हणून त्यांचे म्हणणे आम्हांला अधिक लागले. निमित्त होते जुन्या मराठी ग्रंथांच्या एका सूचीचे. ही सूची संगणकावर चढवण्यात आली होती आणि तीत ज्ञानेश्वरीच्या नावापुढे रचनाकाल म्हणून '०१ जानेवारी १२९०' असे छापून आले होते. सूची कोणाची, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण चूक एका संस्थेची नसून एका वृत्तीची आहे, आणि त्या वृत्तीशीच आमचे भांडण आहे.

नेवाशाला जाऊन आलेल्या कोणासही ठाऊक असते की ज्ञानेश्वरीचा काळ आपल्याला बाहेरून शोधावा लागत नाही. तो ग्रंथातच आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) या गावी पैसाच्या खांबाशी निगडित असलेली परंपरा एकवेळ श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला ठेवू. परंतु ग्रंथाच्या अखेरच्या ओव्या श्रद्धेचा विषय नाहीत. तेथे शक सांगितला आहे, टीका केल्याचे सांगितले आहे आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले हेही सांगितले आहे. शक अंकात नाही, शब्दांत आहे: बारा शतके आणि वर आणखी बारा. महिना नाही, तिथी नाही, वार नाही. ज्याने तो काळ नोंदवला त्याला एवढेच सांगायचे होते, आणि तेवढेच त्याने सांगितले.

आता यंत्राने काय केले ते पाहू. शके १२१२ मध्ये ७८ मिळवले, १२९० आले. येथवर कोणाची हरकत नसावी, जरी शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या काळासाठी ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात आणि खरे उत्तर 'इ. स. १२९०-९१' असे आहे. पण सूचीच्या रकान्याला नुसते वर्ष चालत नव्हते. त्याला दिवस हवा होता, महिना हवा होता. ते मिळाले नाहीत तेव्हा कोणा स्क्रिप्टने मुकाट्याने पहिला महिना आणि पहिला दिवस भरून टाकला. गंमत अशी की १ जानेवारी १२९० रोजी शके १२१२ उजाडलेलाच नव्हता. त्या दिवशी शके १२११ चालू होता. गुढीपाडव्याला अजून अवकाश होता. म्हणजे हीच नोंद उलट दिशेने शकात आणली, तर ज्ञानेश्वरी स्वतःविषयी जे सांगते त्याहून एक वर्ष आधीची ठरते. नुसती बेरीज केली असती तर ग्रंथकाराचे म्हणणे शाबूत राहिले असते. न सांगितलेले भरून काढल्यामुळे सांगितलेलेही खोटे पडले.

या प्रसंगात दोष कोणाचा? 'यंत्राचा' हे उत्तर आम्हांला मान्य नाही. परंतु त्यासाठी यंत्र तारीख कशी लिहिते हे थोडे समजून घ्यावे लागेल. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे पान उलटू नये. विषय वाटतो तितका परका नाही.

पर्ल, पीएचपी, पायथन, रूबी, जावास्क्रिप्ट या ज्या स्क्रिप्टिंग भाषा आहेत, त्यांच्या पोटात काळ ही बहुधा एक सलग संख्या असते: १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद, किंवा जावास्क्रिप्टमध्ये मिलिसेकंद. या संख्येला वार नाही, महिना नाही, सण नाही. ती माणसाला दाखवायची वेळ आली की तिचे मजकुरात रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी एक साचा द्यावा लागतो. टक्क्याचे चिन्ह आणि पुढे एक रोमन अक्षर: एक अक्षर दिवसाच्या अंकासाठी, एक महिन्याच्या नावासाठी, एक वर्षासाठी, एक वारासाठी. ही पद्धत सी भाषेतून आली आणि पर्ल, पायथन, रूबी यांनी ती वारशाने घेतली. पीएचपीने आपली निराळी अक्षरे योजली. साच्यात अक्षरे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने मजकूर उमटतो. आता आमचा प्रश्न असा: पदांचा क्रम ठरवणारी, नामांची रूपे पुरवणारी आणि त्यांतून वाचकाला अर्थ लागेल असा मजकूर घडवणारी जी व्यवस्था, तिला आपण एरवी काय म्हणतो? आम्ही तिला व्याकरण म्हणतो. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, आपण दिवस आधी लिहितो, जपानी माणूस वर्ष आधी लिहितो. हा वाक्यरचनेचा भेद आहे, गणिताचा नव्हे.

आणि हे व्याकरण मराठीला नवे नाही. पेशवाईतील मोडी पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना शुहूर सन ठाऊक असतो. 'अर्बा सबैन मया व अलफ', म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार: ११७४. त्यात ५९९ मिळवले की १७७३ येते. वर्षाचा प्रारंभ मृगाच्या सूर्याबरोबर. एकं आधी, मग दहं, मग शतं, शेवटी सहस्र, असा अरबीच्या चालीचा क्रम मराठी कारकून बोटांवर खेळवीत असे. त्याच पत्रावर 'छ' या खुणेने मुसलमानी महिन्याची तारीख असे, कधी शेजारी शक, संवत्सर आणि तिथीही असे. एका कागदावर दोन-तीन कालगणना नांदत आणि वाचणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नसे. ज्या भाषेच्या कारकुनांनी तीन शतके हे काम केले, त्या भाषेच्या प्राध्यापकांनी आज 'तारखेचे आम्हांला कळत नाही' असे म्हणावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

'शके' या शब्दाकडेच पाहा. ते नुसते नाम नाही. 'शक' याचे ते संस्कृत सप्तमीचे रूप आहे: शकात, शकामध्ये. 'संवत्सरे' हेही तसेच. तारीख आपली विभक्ती बरोबर घेऊन चालत होती. आज आपण 'शके १२१२ मध्ये' असे लिहितो तेव्हा सप्तमीवर सप्तमी चढवतो. रूढीने ते चालते. परंतु ज्या भाषेत तारीख विभक्तीसह घडते त्या भाषेत ती साच्यात कोंबताना काय होते, याचे नमुने रोज डोळ्यांसमोर येतात. '१५ ऑगस्ट ला कार्यालय बंद राहील.' हा 'ला' नामापासून तुटून एकटा का उभा आहे? कारण साच्याच्या पोकळीत '१५ ऑगस्ट' बाहेरून येऊन पडले आणि प्रत्यय आधीपासून तेथे टाकून ठेवलेला होता. यंत्राला सामान्यरूप ठाऊक नाही. 'सोमवार' चे 'सोमवारी' होते, 'अमावास्या' चे 'अमावास्येला' होते, 'जानेवारी' नुसत्या 'त' वर भागते पण 'मार्च' ला 'मध्ये' लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. सरकारी मराठीने यावर फार पूर्वी एक तोडगा काढला: 'दिनांक अमुक रोजी'. संस्कृत 'दिनांक' आणि फारसी वळणाचे 'रोजी' यांच्या मध्ये तारीख सुरक्षित बसते, तिला प्रत्यय चिकटवावा लागत नाही. तोडगा म्हणून तो उत्तमच. पण सगळी मराठी नोटिशीच्या भाषेत लिहायची नसेल तर तो पुरत नाही.

वेळेची गोष्ट तर याहून बिकट. साच्याकडे तासाचे अक्षर आहे, मिनिटांचे अक्षर आहे. मराठीकडे सव्वा, साडे, पावणे आहेत. पावणेपाच म्हणताना आपण चालू तासाचे नव्हे, येणाऱ्या तासाचे नाव घेतो. साडेचार म्हणतो, पण साडेएक म्हणत नाही, दीड म्हणतो. साडेदोन म्हणत नाही, अडीच म्हणतो. पाऊण वाजला म्हणजे बारा पंचेचाळीस आणि सव्वा वाजला म्हणजे एक पंधरा; तेथे तासाचे नावही लागत नाही. या नियमांना अपवाद मोजकेच आहेत. कोणत्याही स्क्रिप्टिंग भाषेत ते फार तर वीस ओळींत बसतील. 'मध्यान्हपूर्व' आणि 'मध्यान्होत्तर' यांची आद्याक्षरे इंग्रजीच्या धर्तीवर बनवून मराठी वेळेला चिकटवण्यापेक्षा पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री हे शब्द केव्हाही बरे. आणि 'परवा'? तो मागेही जातो, पुढेही जातो. 'परवा आला' की 'परवा येईल' हे क्रियापद सांगते. वाक्य पाहिल्याशिवाय तारखेचा अर्थ लागत नाही याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यापुढचा मुद्दा आम्ही मुद्दाम इतिहासाच्या क्षेत्रातून घेतो, कारण तेथे परिणाम मोजून दाखवता येतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जेधे शकावलीत वार शुक्रवार आहे. त्याची प्रचलित इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख पायथनला द्या आणि वार विचारा. उत्तर येते मंगळवार. भोळा विद्यार्थी म्हणेल, शकावली चुकली. चुकले ते निराळेच. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो आणि तो शुक्रवारच आहे. पायथन मात्र ग्रेगोरियन गणना मागे, वर्ष १ पर्यंत, बिनदिक्कत ताणतो, आणि त्याच्या मार्गदर्शिकेत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. शकावलीचा लेखक बरोबर, यंत्रही आपल्या जागी बरोबर. चूक ती, कोणत्या पंचांगात बोलतो आहोत हे न सांगणाऱ्या अभ्यासकाची.

असाच एक फसवा दरवाजा जावास्क्रिप्टमध्ये आहे. तेथे मराठीचा आणि भारतीय पंचांगाचा संकेत दिला की तारीख चैत्र, वैशाख, श्रावण अशा नावांनी उमटते आणि आपल्याला कृतकृत्य वाटते. परंतु हे पंचांग २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेले राष्ट्रीय सौर पंचांग आहे. त्याचा श्रावण दरवर्षी २३ जुलैला सुरू होतो. त्याला शुद्ध-वद्य नाही, तिथी नाही, अधिक मास नाही. सच्चिदानंदबाबांचा, एकनाथांचा, ताहाराबादच्या महिपतीचा श्रावण तो नव्हे. राजपत्राच्या मथळ्यावर हे पंचांग शोभते. शके १६८४ मधील 'भक्तविजया'च्या काळाची तिथी त्याने लावणे म्हणजे नामसाम्यावरून नातेसंबंध जुळवणे होय.

आता प्रतिपक्षाचे दोन गट आमच्यावर चालून येतील हे आम्ही जाणतो. पहिला गट म्हणेल, हे सगळे इंग्रजी तंत्रज्ञांचे पाप. त्यांनी आपल्या कालगणनेचा साचा आपल्यावर लादला. हा आरोप ऐकायला गोड आहे, पण तो अर्धाच खरा आहे. ही मंडळी बेफिकीर नाहीत. त्यांच्या हातून चुका झाल्या: वर्ष १९०० पासून मोजण्याच्या रीतीमुळे १ जानेवारी २००० रोजी कितीतरी संकेतस्थळांवर '१९१००' हे वर्ष झळकले. पण त्या चुका त्यांनी जाहीरपणे दुरुस्त केल्या. अहमदनगरच्या किल्ल्याचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू तेथे स्थानबद्ध होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तेथे एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात लिहिले. त्या महिन्यांत भारताचे घड्याळ युद्धामुळे एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचहून साडेसहा तास पुढे होते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जगभरच्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या कालविभागांच्या सूचीत मात्र १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ ही नोंद जशीच्या तशी आहे. नगरच्या तुरुंगातली वेळ त्या परक्या मंडळींनी जपली. नेवाशाचा शक आपण घालवला.

शिवाय दार उघडे आहे. महिन्यांची, वारांची, कालवाचक शब्दांची भाषावार रूपे युनिकोड संघटनेच्या एका सामाईक कोशात ठेवली जातात आणि त्यात सूचना करता येतात. जावास्क्रिप्टच्या एका प्रसिद्ध तारीख-संग्रहातील मराठी विभाग पाहा: तेथे 'एक वर्ष' आणि 'एका वर्षापूर्वी' यांसाठी निरनिराळी रूपे दिलेली आहेत. म्हणजे कोणा मराठी माणसाने सामान्यरूपाची अडचण ओळखली आणि ती बसून सोडवली. तो व्याकरणाचा प्राध्यापक असण्याची शक्यता आम्हांला, खेदाने म्हणतो, कमी वाटते.

दुसरा गट अधिक सभ्य आहे आणि म्हणून अधिक घातक. त्याचे म्हणणे असे की हे तपशील क्षुल्लक आहेत. साहित्याचा अभ्यास आशयाचा असतो, तारखेचा नव्हे. आम्ही विचारतो, पाठचिकित्सा कशाच्या जोरावर उभी असते? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरात, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपण जाणतो ते कशावरून? त्यांनी तसे लिहून ठेवले म्हणून. संवत्सराचे नाव आणि शकाचा अंक एकमेकांना ताडून पाहता येतात: शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे, बाकी १८ उरली की अठरावा संवत्सर तारण. एका अंकाची नक्कल चुकली तर नाव ती उघडी पाडते. जुन्या लेखकांनी तारीख लांबण लावून लिहिली ती हौसेखातर असेलही, पण त्या लांबणीतच तिची राखण होती. यंत्रात भरताना आपण संवत्सर गाळतो, वार गाळतो, तिथी गाळतो आणि आठ अंकांची एक पट्टी ठेवतो. मग तीत चूक शिरली तर पकडायची कशाने?

आणि अंकांच्या पट्टीवर किती विसंबावे याचा धडा तर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला मिळतो. तक्त्याच्या प्रणालीत इंग्रजी अंकांत ७/१२ असे टंकून पाहा. ती त्याचा कोठे ७ डिसेंबर करते, कोठे १२ जुलै. गाव नमुना सात आणि बारा यांचा तो उतारा आहे हे तिला काय ठाऊक! मानवी जनुकांच्या नावांबाबत हाच घोटाळा इतका झाला की २०२० मध्ये नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले, कारण तक्ते त्यांना मार्च-सप्टेंबरच्या तारखा समजत होते. शास्त्रज्ञांनी आपल्या संज्ञा बदलल्या. आपण ज्ञानेश्वरीचा शक बदलणार आहोत काय?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. ग्रंथात जशी तारीख असेल तशीच ती, शब्दशः, मजकूर म्हणून एका रकान्यात ठेवावी. तिला हात लावू नये. रूपांतरित तारीख शेजारच्या रकान्यात, कोणत्या पंचांगातून कोणत्या पंचांगात आणली त्या उल्लेखासह. जेथे नुसते वर्ष आहे तेथे नुसते वर्षच राहू द्यावे. अपुऱ्या, अंदाजी आणि संदिग्ध तारखा लिहिण्याची रीत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात दिलेली आहे. त्यामुळे 'रकाना दिवस मागतो' ही सबब आता चालणार नाही. साठवण वर्ष-महिना-दिवस या क्रमाने करावी, दर्शन मराठीच्या रीतीने व्हावे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. आणि एम. ए. च्या अभ्यासक्रमात जेथे पाठचिकित्सा शिकवतात तेथे शुहूर सन, संवत्सर आणि टक्क्याच्या चिन्हामागची अक्षरे एकाच तासाला शिकवावीत. विषय एकच आहे: काळ मजकुरात कसा उतरतो.

ज्या सूचीपासून आम्ही आरंभ केला तिच्या चालकांना आम्ही दुरुस्ती कळवली. उत्तर सौजन्याचे आले: रकाना कोरा ठेवता येत नाही, तरी महिना बदलून द्यायचा असल्यास कळवावे. आम्ही अद्याप कळवलेले नाही. बाराव्या शकशतकानंतरच्या त्या बाराव्या वर्षातला कोणता महिना त्यांना द्यावा, हे नेवाशात कोणी सांगितलेले नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही.